कर्नाळ्याचा अंगठा : बहात्तर वर्षांच्या बाबांना वर न्यायचे आहे, मार्गदर्शन हवे

मनस्वी_भांडुप :

नमस्कार. माझे वडील एसटीमध्ये वाहक होते आणि त्यांच्या नोकरीतील बरीच वर्षे परळ ते महाड या मार्गावर गेली. पहाटेच्या गाडीने मुंबईकडे परतताना पेण मागे पडले की उजव्या हाताच्या डोंगरावर कर्नाळा किल्ल्याचा तो उभा दगड दिसू लागे, आणि झोपलेल्या प्रवाशांना ते "अंगठा आला, पनवेलवाल्यांनी उठून घ्या" असे सांगून जागे करीत. आमच्या घरात त्या डोंगराला आजही कुणी कर्नाळा म्हणत नाही, अंगठाच म्हणतात. त्याच्या पायथ्यावरून इतक्या वेळा गेलेला हा माणूस एकदाही वर चढलेला नाही, कारण कामाच्या दिवशी गाडी वेळेवर पोहोचवायची असे आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याला लागायला त्यांचे मन घेत नसे. गेल्या महिन्यात अलिबागहून येताना माझ्या आठवीतल्या मुलाने आजोबांना "त्या दगडापाशी काय आहे?" असे विचारले आणि बाबांना उत्तर देता आले नाही. तेव्हापासून वर जायचेच असे त्यांनी मनात घेतले आहे.

बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. रोज सकाळी तासभर चालतात, रक्तदाब औषधाने आटोक्यात आहे, मात्र उजवा गुडघा उतरताना दुखतो. त्यांना त्या दगडाच्या, म्हणजे सुळक्याच्या, बुंध्यापर्यंत नेणे शहाणपणाचे ठरेल का आणि कोणत्या महिन्यात न्यावे, हे मला प्रथम जाणून घ्यायचे आहे. दुसरे असे की मुलाला शाळेसाठी या गडावर लिहायचे आहे आणि त्याला कुणीतरी हा गड पोर्तुगीजांनी बांधला असे सांगितले आहे, ते खरे आहे का? आमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे आहे की गडाभोवतीचे जंगल नावाला पक्षी अभयारण्य असले तरी दोनदा जाऊनही त्यांना कावळे आणि साळुंक्यांपलीकडे काही दिसले नाही. तीन पिढ्या एकत्र जाणार आहोत, त्यामुळे गड आणि जंगल दोन्ही नीट पाहता यावेत अशी इच्छा आहे.

डोंगरवाट :

मनस्वीताई, वडिलांना अवश्य न्या. फक्त वेळेचा हिशेब तरुणांच्या चालीने न करता त्यांच्या चालीने करा. मी माझ्या सासऱ्यांना अडुसष्टाव्या वर्षी नेले होते, त्या अनुभवावरून लिहितो.

अभयारण्याच्या प्रवेशद्वारापासून वाट सुरुवातीला दाट झाडीतून चढते आणि हा पहिला टप्पाच खरा दमवणारा आहे, कारण झाडीत वारा लागत नाही आणि कोकणातली दमट हवा थंडीतही अंगातून घाम काढते. इथे अनेक जण उत्साहाने भराभर चढतात आणि अर्ध्या तासात धापा टाकत बसतात. तेवढी चढण संपली की आपण डोंगराच्या सोंडेवर येतो. तेथून सोंडेच्या माथ्याने जाणारी वाट बरीच सुसह्य आहे, वारा मिळतो आणि समोर सुळका दिसत राहतो, त्यामुळे मनालाही उभारी येते. गडाच्या पहिल्या दरवाज्याच्या अलीकडे कर्णाई देवीचे ठाणे लागते. त्यानंतर कातळातल्या पायऱ्या, दरवाजे, आणि मग सुळक्याचा बुंधा. धडधाकट माणसाला दीड ते दोन तास पुरतात, आपण साडेतीन तास धरून चाला. गडाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर आहे. आकडा लहान वाटतो, पण पायथा जवळजवळ समुद्राच्या पातळीवर असल्यामुळे ही उंची बहुतेक सगळी आपल्या पायांनीच चढावी लागते, हे ध्यानात असू द्या.

गुडघ्याचा प्रश्न चढताना येणार नाही, उतरताना येईल. सुकलेल्या पानांच्या थराखाली सुटे दगड असतात आणि पाय सरकतो. दोन काठ्या घ्याव्यात, एक पुरत नाही. उतरताना बाबांच्या पुढे एक जण आणि मागे एक जण असावा. पुढच्या माणसाने पाऊल कुठे टाकायचे ते दाखवावे, हात धरून ओढू नये, कारण ओढल्याने तोल जातो. पायऱ्यांच्या टप्प्यावर त्यांना भीती वाटली तर कर्णाईपाशी थांबणे हाही पूर्ण प्रवास समजावा. तेथून सुळका इतका जवळ दिसतो की मान वर करून पाहावे लागते.

महिना विचाराल तर डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य. पावसाळ्यात डोंगर फार सुंदर दिसतो, परंतु पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि या वयाच्या माणसाला त्या दिवसांत वर नेणे मला पटत नाही. एप्रिल-मेमध्ये कातळ तापतो आणि वरच्या बाजूला सावली फारशी राहत नाही. माणशी किमान दोन लिटर पाणी खालूनच न्यावे. वर टाकी आहेत, पण त्यांतले पाणी तसेच पिण्याच्या भरवशावर जाऊ नये. प्रवेशद्वारावर वनखाते प्लास्टिकच्या वस्तूंची नोंद करून अनामत रक्कम घेते आणि परतताना त्या वस्तू दाखवल्यावर ती परत देते. त्यात वेळ मोडतो, म्हणून सामान आधीच कमी करून ठेवावे.

स्वतःचे वाहन नसेल तर हार्बर मार्गाने पनवेलपर्यंत लोकल आणि तेथून पेण किंवा अलिबागकडे जाणारी एसटी, हा सरळ मार्ग आहे. पनवेलपासून अंतर सुमारे बारा किलोमीटर आहे. कर्नाळ्याला उतरायचे आहे हे वाहकाला आधी सांगावे लागते, पण ते आपल्या वडिलांना मी काय सांगावे!

मोडीवाचक :

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे की गड पोर्तुगीजांनी बांधलेला नाही. तो त्यांच्या येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. मात्र त्यांचा या गडाशी संबंध आला होता, आणि गैरसमजाचे मूळ तिथेच आहे.

देवगिरीच्या यादवांच्या आणि त्यानंतर तुघलकांच्या काळात कर्नाळा हे उत्तर कोकणातल्या एका विभागाचे मुख्य ठाणे होते. पुढे तो गुजरातच्या सुलतानांकडे आला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १५४० मध्ये, अहमदनगरच्या निजामशहाच्या फौजेने कर्नाळा जिंकून घेतला. तेव्हा गुजरातच्या बाजूने वसईच्या पोर्तुगीज कप्तानाकडे, म्हणजे डॉम फ्रान्सिस्को दि मेनेझिसकडे, मदतीची मागणी गेली. त्याने पाचशे सैनिकांनिशी गड घेऊन दिला. पोर्तुगीज शिबंदी, म्हणजे राखणीची तुकडी, वर राहिली, पण निजामशाही फौजा पुन्हा उतरल्यावर गड राखणे अवघड दिसू लागले. अखेर पोर्तुगीजांनी वर्षाला पाच हजार सोन्याचे पारदाव (त्या काळचे नाणे) घेण्याच्या बोलीवर कर्नाळा निजामशहाच्या हवाली केला आणि त्याच्या दक्षिणेचा, पेणजवळचा सांकशीचा किल्लाही याच व्यवहारात गेला. म्हणजे पोर्तुगीजांची या गडावरची वस्ती अगदी थोड्या काळाची होती आणि तिचा शेवट लढाईने न होता पैशाच्या करारात झाला. मुलाला हा भाग जरूर लिहू द्या, कारण किल्ले कसे हातोहात जात याचे इतके स्पष्ट उदाहरण आठवीच्या वयात सहज समजते.

एवढी ओढाताण कशासाठी, हे नकाशा पुढे ठेवल्याशिवाय कळत नाही. पनवेल, आपटा आणि नागोठणे ही तिन्ही खाडीकाठची बंदरे होती. तिथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून बोरघाटाकडे आणि वर देशावर जात असे. कर्नाळ्याच्या माथ्यावर उभे राहिले की पश्चिमेला खाडीचे मुख आणि हवा स्वच्छ असेल तर मुंबई बंदर, ईशान्येला प्रबळगड आणि माथेरान, तर माणिकगडाचा डोंगर पाताळगंगेच्या खोऱ्यापलीकडे दिसतो. या वाटेवर जकात घेणाऱ्याला आणि या वाटेवरून फौज नेणाऱ्याला, दोघांनाही हा डोंगर आपल्या ताब्यात असावा असे वाटणे साहजिक होते. इंग्रज त्याला फनेल हिल, म्हणजे नरसाळ्याचा डोंगर, म्हणत, आणि दुरून सुळक्याकडे पाहिले की हे नाव का पडले ते लगेच कळते.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये तो परत घेतला गेला, आणि तो कसा घेतला गेला हे मला फार महत्त्वाचे वाटते. मराठी सैन्याने एकदम सुलतानढवा, म्हणजे सगळ्यांनिशी थेट हल्ला, केला नाही. पुढे सरकताना मातीचे आणि लाकडाचे आडोसे उभारत, त्यांच्या आड राहून, पायरीपायरीने ते वर गेले. आपण सोंडेच्या वाटेने चालाल तेव्हा थोडे थांबून वर पाहा. तटावरच्या माणसाला वाटेवरचा प्रत्येक जण किती उघडा दिसत असेल हे जाणवते आणि आडोशांची गरज का होती तेही उमगते.

महाराजांच्या निधनानंतर गड पुन्हा मोगलांकडे गेला. गडाच्या दरवाज्यांपाशी दोन शिलालेख आहेत, एक मराठी आणि एक फारसी. फारसी लेखात सय्यद नुरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी ११४६ हे साल आहे. अनेक ठिकाणी त्याचे इसवी साल १७३५ असे छापले जाते, परंतु हिजरी ११४६ चा मेळ १७३३-३४ शी बसतो. मुलाने ही वजाबाकी स्वतः करून पाहावी. हिजरी वर्ष चांद्रमासांचे, सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे सरळ आकडा मिळवून चालत नाही, हे त्यातून त्याला कळेल. या लेखाचा उपयोग असा की गड त्या सुमारास मराठ्यांकडे नव्हता हे कातळावरच नोंदलेले सापडते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि १७४० मध्ये कर्नाळा पेशव्यांकडे आला. एकदा वसई आल्यावर या भागातील इतर ठाण्यांचा तोल कसा बदलला असेल हे वेगळे सांगायला नको.

१८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने गड घेतला. त्याच प्रॉथरने त्याच वर्षीच्या मे महिन्यात रायगडही घेतला. कर्नाळ्याचे त्या वेळचे किल्लेदार अनंतराव फडके होते. त्यांचे नातू म्हणजे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी कर्नाळ्याच्या जवळच असलेल्या शिरढोण येथे झाला, १८७९ मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव केला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ज्या घरातल्या माणसाला गड सोडून खाली उतरावे लागले, त्याच घरात तो गड रोज डोळ्यांसमोर असताना हा मुलगा वाढला. शिरढोण महामार्गालगतच आहे आणि तिथे त्यांचे स्मारक आहे. परतताना अर्धा तास तिथे द्यावा अशी माझी विनंती आहे.

मनस्वी_भांडुप :

मोडीवाचक, मनापासून आभार. बाबांना आपला प्रतिसाद वाचून दाखवला. शिरढोणचा थांबा त्यांना पाठ होता, पण किल्लेदार आणि वासुदेव बळवंत यांचे हे नाते त्यांना ठाऊक नव्हते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आता पक्ष्यांविषयी कुणी लिहील का?

रानबोली :

आपले शेजारी खोटे बोलत नाहीत. बहुधा ते रविवारी सकाळी दहानंतर गेले असतील आणि वाटेभर बोलत चालले असतील. कर्नाळ्याचे जंगल पानगळीचे आणि निमसदाहरित झाडांचे मिश्र जंगल आहे. त्यात पाखरे उघड्यावर बसून राहत नाहीत. शिवाय इथले बरेच छोटे पक्षी मिश्र थव्याने फिरतात. निखार, वल्गुली, माशीमार, शिलींध्री असे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र किडे टिपत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरकत जातात आणि त्यांच्यासोबत हमखास एखादा कोतवाल असतो, कारण त्यांच्या हालचालीने उडालेले किडे त्याला आयते मिळतात. त्यामुळे पाऊण तास काहीच दिसत नाही आणि मग पाच मिनिटांत दहा जाती दिसतात. अशा वेळी चालत राहणारा माणूस मागे राहतो आणि एका जागी शांत बसलेल्याला सगळे काही मिळते. वडिलांना मध्ये मध्ये बसावे लागेल, याची अजिबात खंत करू नका. पक्षी पाहण्यासाठी त्यांचीच चाल योग्य आहे.

हे अभयारण्य १९६८ मध्ये स्थापन झाले, तेव्हा ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचे होते. २००३ मध्ये त्याची हद्द वाढवून सुमारे बारा चौरस किलोमीटर करण्यात आली. वाढवल्यानंतरही ते लहानच आहे आणि त्याच्या मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पक्ष्यांना आवाजाने एकमेकांना बोलवायचे असते आणि रस्त्याच्या बाजूला ट्रकच्या गोंगाटात त्यांची शीळ बुडून जाते, म्हणून महामार्गाजवळ फार वेळ न घालवता आत चालत जाणे चांगले. हरियाल आणि मोरटाका अशा दोन निसर्गवाटा वनखात्याने आखल्या आहेत. बाबांचा गडाचा बेत ऐनवेळी रहित झालाच तर या वाटांवर अर्धा दिवस आनंदात जाईल. हरियाल हा आपला राज्यपक्षी आहे, हे मुलाला ठाऊक असेलच. पिवळ्या पायांचे हे हिरवे कबुतर उंबराला आणि पिंपळाला फळे आली की थव्याने येते, आणि पानांत इतके मिसळून जाते की आधी फळांची टरफले खाली पडताना दिसतात, पक्षी मागाहून.

जानेवारी-फेब्रुवारीचा सल्ला मलाही मान्य आहे, पण त्याचे माझे कारण वेगळे आहे. या दिवसांत काटेसावर, पळस आणि पांगारा यांची पाने झडलेली असतात आणि झाडांवर नुसती लाल-केशरी फुले असतात. त्यांतल्या मधासाठी शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, भोरड्या, हरेवा, कोतवाल, टकाचोर असे सगळे एकाच झाडावर गर्दी करतात. घनदाट पानांत जे पक्षी शोधून सापडत नाहीत ते इथे उघड्या फांदीवर बसलेले असतात. फुललेल्या सावरीपासून वीस-पंचवीस पावलांवर खाली बसावे आणि अर्धा तास उठू नये. मुलाच्या वहीत वीस नावे सहज भरतील.

कर्नाळ्याला पक्षीनिरीक्षक ज्या पक्ष्यासाठी भर पावसात येतात तो तिबोटी खंड्या मात्र तुम्हाला जानेवारीत दिसणार नाही. तो पावसाच्या तोंडाशी येतो, ओहोळाच्या मातीच्या कडेला बीळ कोरून अंडी घालतो आणि पिलांना सरडे, बेडूक, लहान खेकडे भरवतो. चिमणीएवढा जीव, पण नारिंगी, जांभळा आणि निळा असे रंग एकाच अंगावर. त्याच दिवसांत नवरंगाची दोन सुरांची शीळ आणि शीळकरी कस्तुराचे लांबलचक गाणे ऐकू येते. मुलगा पुढे मोठा झाला की पावसात खालच्या वाटांवर त्याला एकदा जरूर न्या, मात्र बिळासमोर तळ ठोकून बसणाऱ्यांत त्याने सामील होऊ नये. माणसे हलत नाहीत तोवर आई-बाप घास घेऊन बाहेरच ताटकळत राहतात.

वाटेत ऐनाचे झाड लागले तर बाबांना त्याच्या सालीवरून हात फिरवायला सांगा. मगरीच्या पाठीसारखे चौकोनी खवले असतात. उन्हाळ्यात काही ऐनांच्या खोडाला पोटासारखा फुगवटा येतो आणि त्यात पाणी साठलेले असते, हे जंगलात राहणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

पनवेलवासी :

वरच्या सर्व प्रतिसादांत एक गोष्ट राहिली आहे आणि ती जिवाशी संबंधित असल्यामुळे लिहितो. सुळक्यावर आग्या मधमाश्यांची मोहोळे असतात. खालून पाहिले तर कातळाला काळपट लांबट डाग पडल्यासारखे दिसते. ते डाग हलताहेत असे वाटले की समजावे. सुमारे सव्वाशे फुटांच्या त्या उभ्या कातळाला कुणी शिवत नाही आणि बाहेर आलेल्या कपारींखाली पाऊस लागत नाही, म्हणून या माशांना ती जागा पसंत आहे. त्या आपणहून कुणाच्या वाटेला जात नाहीत. धूर, मोठा आवाज, फेकलेला दगड आणि अंगावरचे उग्र अत्तर यांनी मात्र त्या उठतात. एक माशी चावली की तिच्या नांगीसोबत सुटणाऱ्या वासाने बाकीच्या तिथेच धावून येतात, त्यामुळे हाताने झटकणे किंवा मारणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. काही वर्षांपूर्वी मी वर असताना एका गटाने बुंध्यापाशी चूल पेटवायला घेतली होती. आम्ही हात जोडून ती विझवायला लावली, पण तोवर धुराची एक रेघ वर गेली होती आणि पहिल्या काही माशा खाली उतरल्या होत्या. सुदैवाने वारा फिरला. त्या दहा मिनिटांत मी दरवाज्याच्या आत तोंडावर पंचा घेऊन बसलो होतो, आणि तरीही मानेवर दोन डंख बसले.

म्हणून बाबांना त्या दिवशी अत्तर, सुगंधी तेल लावू देऊ नका. प्रत्येकाजवळ डोक्यावरून घेता येईल असे सुती कापड असावे. मुलाला बुंध्यापाशी हळू बोलायला सांगा. वर खायचे असेल तर चूल न लागणारेच न्या.

बुंध्यापाशी गेल्यावर टाकी नीट पाहा, माझ्या मते गडावरचे खरे बांधकाम तेच आहे. तट पडले, वाड्याच्या भिंती उरल्या आहेत, पण सुळक्याच्या पायाशी कातळात खोदलेल्या टाक्या आणि कोठ्या अजून आहेत. आमच्या या पट्ट्यात चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने थेंब नाही. डोंगरावरचे पाणी काळ्या कातळावरून क्षणात वाहून जाते. ते अडवायचे तर कातळच खोदायला हवा, आणि सुळक्याच्या सावलीत खोदला तर उन्हाने पाणी कमी आटते. आपण कान्हेरीला गेला असाल तर तिथल्या लेण्यांच्या दारातली टाकी आठवा, युक्ती तीच आहे. हा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला आहे. मऊ भाग झिजून गेला आणि कठीण भाग अंगठ्यासारखा उभा राहिला. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा त्याच काळातला त्याचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही, फक्त त्याच्या सभोवती आता इमारती आहेत आणि याच्या सभोवती अजून जंगल आहे.

आणखी एक. डोंगराच्या परिसरात ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या आहेत. मे महिन्याच्या शेवटी रस्त्याकडेला टोपल्यांतून करवंदे आणि जांभळे विकणाऱ्या बायका बहुधा त्यांच्यापैकीच असतात. पहिला पाऊस पडला की त्याच टोपल्यांत शेवळे ही रानभाजी येते. आमच्या घरी शेवळांची भाजी काकडाच्या आंबट फळांशिवाय होत नाही, नाहीतर घसा खवखवतो. काकडाची झाडेही याच जंगलात, आणि शेवळांच्या जोडीला त्याची फळे टोपलीत दोन मुठी असतातच. विकत घेताना घासाघीस करू नये एवढेच माझे सांगणे. ती फळे उन्हात वणवण करून आणलेली असतात.

मनस्वी_भांडुप :

सर्वांना नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी आम्ही जाऊन आलो. गर्दी नव्हती. सकाळी सातला प्रवेशद्वारापाशी होतो आणि बुंध्याशी पोहोचायला पावणेअकरा वाजले. बाबांनी दोन्ही काठ्या वापरल्या, चार ठिकाणी बसले, आणि त्यातल्या तिसऱ्या ठिकाणी रानबोली यांनी सांगितलेला मिश्र थवा आमच्या डोक्यावरून गेला. मुलाच्या वहीत चौदा नावे आहेत, तीन पक्ष्यांपुढे त्याने प्रश्नचिन्ह ठेवले आहे आणि ते पुसू नये असे मी त्याला सांगितले आहे. मोहोळे दिसली, सात मोजली. आम्ही कुजबुजतच बोललो.

टाक्यांपाशी बाबा बराच वेळ उकिडवे बसून पाण्यात पाहत होते. छिन्नीच्या तिरक्या खुणा पाण्याच्या पातळीखालीही दिसतात, त्या त्यांनी नातवाला दाखवल्या. मग आम्ही पश्चिमेच्या तटाशी गेलो. खाली झाडीतून महामार्गाची रेघ दिसत होती आणि तिच्यावरून एक लाल गाडी पनवेलच्या दिशेने सरकत होती, आवाज येत नव्हता. बाबांनी घड्याळात पाहिले, गाडी वळणापर्यंत जाऊ दिली, आणि नातवाला बोट दाखवून म्हणाले, "तिथे. तिथे मी सगळ्यांना उठवायचो."

उतरताना गुडघ्याने त्रास दिला. खाली यायला साडेतीन वाजले. शिरढोणला थांबलो.